त्या सकाळचं ऊन

तिने खिडकीची काच तळहाताने पुसली. पुन्हा पुसली. मग तिच्या लक्षात आलं की काच स्वच्छच आहे. बाहेर पाहण्यासारखंच काही उरलेलं नाही. वेधशाळेच्या गच्चीचा कठडा तेवढा दिसत होता. कठड्यापलीकडे रोज बंदरातल्या क्रेन, गोदामांची छपरं आणि त्यांच्यामागे सामुद्रधुनीचं करडं पाणी दिसायचं. आज तिथे कुणीतरी पिंजलेला कापूस ठासून भरल्यासारखं धुकं होतं.

मनोऱ्यावरून निरीक्षक खाली आला. रोज सकाळी वर चढून कुठवरचं दिसतंय ते पाहायचं, हे त्याचं काम. नजर इतकी तिखट की कचेरीत सगळे त्याला घार म्हणत. आज घार भिंतीला हात लावून, पायरी चाचपत उतरला होता.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"माझं नाक," घार म्हणाला. "तेही डोळे तिरळे केले तर."

ती हसली आणि तिने बंदराला फोन लावला. हवेचा अंदाज बांधायचा आणि तो ज्याला हवा त्याच्या कानावर घालायचा, ही तिची नोकरी. बंदरातला माणूस ओळखीचा होता. त्याचं तोंड कधीही बघितलेलं नसलं तरी त्याच्या खोकल्यावरून ती त्याला ओळखायची.

"इशारा लिहून घ्या. दाट धुकं. दुपारपर्यंत उठणार नाही. सामुद्रधुनीतली वाहतूक थांबवा."

"बाई, आज आरमाराचा सराव आहे. आरमाराला कोण थांबवणार?"

"मी सांगतेय म्हणून सांगा."

"आमचं कधी ऐकलंय त्यांनी? सांगतो, सांगतो. माझ्या तोंडची वाफ दवडतो."

चहा आला. घारने कप उचलला, आणि त्याच वेळी समुद्राकडून भोंगा ऐकू आला. लांबलचक, न थांबणारा. मागोमाग एक बोजड आवाज झाला. वरच्या मजल्यावर कुणी भरलेली पेटी टाकावी तसा. भोंगा मध्येच तुटला. घारने कप तसाच परत बशीत ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत काहीच नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई रेडिओला कान लावून बसली होती. पलीकडच्या देशाची एक मालबोट आपल्या युद्धनौकेवर आदळली होती. दोन्ही बुडाल्या होत्या. निवेदकाचा आवाज ठाम होता. भर उन्हात, स्वच्छ हवेत, आपली नौका नीट दिसत असताना शत्रूने तिच्यावर बोट घातली, असं तो सांगत होता.

"भर उन्हात?" आई म्हणाली. "अगं, सकाळी गॅलरीत मी हात पुढे केला तर माझा हात मला दिसेना! कुठलं ऊन नि कुठलं काय."

"चुकून म्हणाले असतील," ती म्हणाली. "उद्या सुधारतील."

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा आलं. त्यात ‘लख्ख’ हा एक शब्द वाढला होता.

मोठ्या साहेबांच्या खोलीत तिने विषय काढला तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते. आदल्या दिवशी गणवेशातली दोन माणसं येऊन त्या सकाळची निरीक्षणं घेऊन गेली होती. पोच दिली नव्हती आणि साहेबांनी मागितलीही नव्हती.

"साहेब, रेडिओवर ऊन म्हणतायत. आपण इशारा दिला होता."

"त्या दिवशी मी रजेवर होतो," साहेब म्हणाले.

साहेब रजेवर नव्हते. धुक्याने ओला झालेला चष्मा पुसत ते तिच्या टेबलापाशी उभे राहिले होते आणि ‘आज गाडीच्या पुढे चालत जाऊन रस्ता शोधावा लागला’ असं म्हणाले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पेन्सिलीला कधीच टोक आलं होतं. साहेब तरी ती फिरवत होते, आणि लाकडाची सालपटं त्यांच्या पुढ्यात पडत होती.

त्याच आठवड्यात बुडालेल्या नौकेवरच्या टेहळ्याचा आवाज रेडिओवर ऐकवला. नौकेच्या टोकाशी उभं राहून समोर नजर ठेवायची, हे त्याचं काम होतं, आणि वाचलेल्या थोड्यांपैकी तो एक होता. आवाज कोवळा होता. "आकाश निरभ्र होतं," तो म्हणाला. "ऊन पडलं होतं. त्यांची बोट मला लांबूनच स्पष्ट दिसत होती." पाठ केलेला धडा गुरुजींसमोर म्हणावा तसं तो प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता.

युद्ध सुरू झालं ते असं. नंतर शहाण्यांनी त्याची पुष्कळ कारणं सांगितली आणि ती खोटी नव्हती. सामुद्रधुनी कुणाची हे भांडण आजोबांच्या वेळेपासूनचं होतं. अर्ध्या जगाचं तेल तिथून जात होतं. दोन्हीकडे महागाईने लोक चिडले होते आणि दोन्हीकडच्या सरकारांना त्या चिडीला दुसरं कुठलं तरी तोंड हवं होतं. शिवाय तह होते. यांचा मित्र, त्या मित्राचा मित्र, त्या मित्राचा शेजारी, असे सगळे एकमेकांच्या पदराला गाठी मारून बसले होते. एकजण पाण्यात गेला की सगळे ओढले जाणार. गवत वाळलेलंच होतं. पण वाळलेलं गवतही वर्षानुवर्षं नुसतं पडून राहू शकतं. रस्त्यावरून गात निघालेल्या पोरांच्या तोंडी तेलही नव्हतं आणि तहही नव्हते. त्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती: भर उन्हात मारलं त्यांनी आपल्या माणसांना.

युद्ध कसं पसरतंय हे तिला टेबलावरच दिसत होतं. रोज सकाळी देशोदेशींच्या केंद्रांकडून तिथल्या हवेची खबर यायची आणि ती आपल्या मोठ्या नकाशावर मांडायची. वारा कुठून, पाऊस कुठे, थंडी किती. आधी सामुद्रधुनीपलीकडची खबर बंद झाली. शत्रूला कुणी आपली हवा सांगत नाही. मग त्याच्या दोस्तांची. मग आपल्या दोस्तांचीही, कारण तारा कापल्या गेल्या. नकाशावर तेवढे तुकडे पांढरे राहू लागले. महिन्यांमागून महिने गेले तसे ते तुकडे एकमेकांना जाऊन मिळाले. एके सकाळी ती पेन्सिल घेऊन बसली तेव्हा तिच्या स्वतःच्या शहराभोवती टिचभर जागा सोडली तर सगळं जग पांढरं होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली. त्या कागदाकडे तिला फार वेळ बघवेना.

पण तिला खरी भीती वाटली ती नकाशाची नव्हे.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्या सकाळी सायकलवरून येताना धुक्यात तो दिव्याच्या खांबावर आदळला होता आणि भुवईला टाके पडले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना ती कथा रंगवून सांगायचा: "खांबालाच म्हटलं, दिसत नाही का रे?" युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात ती मनगटी घड्याळ दाखवायला गेली, तेव्हा तो दुसऱ्या कुणाला तीच कथा सांगत होता.

"असं ऊन डोळ्यांवर आलं म्हणता! खांब दिसलाच नाही."

ती थांबली. तो भिंग डोळ्याला लावून तिच्या घड्याळात बघायला लागला.

"धुकं होतं ना हो त्या दिवशी?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

त्याने भिंग काढलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. आपल्याला काही ऐकू आलं नाही की समजलं नाही, असं चाचपणाऱ्या माणसासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला.

"आपल्याकडे कुठलं आलंय धुकं, ताई," तो म्हणाला. "तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालंच."

‘ध’चा ‘मा’ करायचा तरी कुणाला तरी हातात लेखणी घ्यावी लागते. इथे कुणी काही खोडलं नव्हतं. कुणी कुणाला धमकावलं नव्हतं. लोक खोटं बोलत नव्हते. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं होतं. आधी ते म्हणाले, धुकं होतं. मग म्हणाले, थोडं धूसर होतं. मग म्हणाले, पहाटे असेल, पण नंतर ऊन पडलं. आणि मग त्यांना ऊन आठवायला लागलं. ते कसं तिरपं आलं होतं, पाठीवर कसं लागत होतं, हेसुद्धा.

घार मात्र बधला नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्या लख्ख सकाळबद्दल बोललं, तेव्हा त्याने चमचा ताटात टाकला. "मनोऱ्यावर मी होतो. मी काय आंधळा आहे?" टेबलाभोवतीची माणसं ताटात बघून जेवत राहिली. पुढच्या आठवड्यात घारची खुर्ची रिकामी होती. बदली झाली, असं कुणी म्हणालं. कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा कानतुटका कप काही दिवस खिडकीत पडून होता. मग तोही दिसेनासा झाला. तिने नव्या शिपायाला विचारलं, तेव्हा त्याने उलट विचारलं, "कोण घार?" तो खरंच नवा होता. पण जुन्यांपैकीही कुणी मान वर केली नाही.

आणि एका रविवारी, वाटाणे सोलता सोलता आई म्हणाली, "काय सुरेख ऊन होतं गं त्या दिवशी. मी उशा वाळत घातल्या होत्या गॅलरीत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आई, तू म्हणाली होतीस, हात पुढे केला तर हात दिसत नव्हता."

आईची स्मरणशक्ती धडधाकट होती. कोपऱ्यावरच्या वाण्याने मागल्या वर्षी किती सुटे द्यायचे ठेवले ते तिला पाठ होतं. तिने लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती आणि थोडी काळजी.

"फार काम पडतंय तुला," ती म्हणाली. "जरा पड जाऊन."

ती जाऊन पडली. छताकडे बघत तिने ती सकाळ पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. कठडा. काच. काचेवर फिरवलेला हात. सगळं होतं. पण पहिल्यांदाच, काचेवर कुठूनतरी पिवळसर उजेड पडल्यासारखं तिला वाटलं. ती ताडकन उठून बसली.

त्यानंतर तिने कुणाला काही विचारलं नाही.

शहरावर बाँब पडायला लागले ते स्वच्छ दिवसांत. विमानांना वरून दिसायला हवं. त्यामुळे लोक उन्हाला भ्यायला लागले. आभाळ निळं दिसलं की बायका पोरांना रस्त्यावरून ओढून आत घ्यायच्या. ढग आले की दुकानं उघडायची. खिडक्यांना काळे पडदे लागले, आणि ते शिवून देणाऱ्या मावशींची मशीन दिवसभर धडधडू लागली. मावशी मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा पहिल्याच उन्हाळ्यात आघाडीवर गेला होता. परत आली ती फक्त त्याची बातमी. त्या दिवसानंतर मावशी कुणाशी फार बोलत नसत. तिच्या आईचे पडदे शिवले तेव्हाही माप घेताना त्या फक्त लांबी-रुंदी बोलल्या होत्या. कमरेला दोरीने बांधलेली मोठी कात्री त्या क्षणभरही सोडत नसत. लोक म्हणत, कात्री महाग झाली आहे, म्हणून.

दुसऱ्या हिवाळ्यात, वारा पडलेल्या एका सकाळी, ती जिना उतरून दारात आली आणि तिथेच थबकली. गल्ली नव्हती. समोरची इमारत नव्हती. ओलसर, गार, मुका पांढरेपणा दाराच्या चौकटीपर्यंत येऊन टेकला होता. तिने हात पुढे केला. बोटं पुसट झाली.

तिला हसू आलं, रडूही आलं. गेली दोन वर्षं तिने जपून ठेवलेली गोष्ट तिच्या पुढ्यात उभी होती. आता सगळे बघतील, तिला वाटलं. आता सगळ्यांना आठवेल.

ती भिंतीला धरून चालू लागली. माणसं बाहेर आली होती, पण कुणी चालत नव्हतं. जिथल्या तिथे उभी होती, जनावरं वादळाआधी उभी राहतात तशी. एक बाई पोराला छातीशी धरून "हे काय आलं? हे काय आलं?" एवढंच म्हणत होती. घड्याळवाला दुकानाच्या पायरीवर होता. त्याने नाकातोंडावर ओला रुमाल बांधला होता. भुवईवरचा व्रण तेवढा उघडा होता.

"ताई, तुम्ही हवामानातल्या ना? काय आहे हे? गॅस सोडलाय का?"

"धुकं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"धुकं. धुकं आहे हो हे. काही होत नाही त्याने."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. परक्या भाषेतला शब्द पकडावा तसे रुमालाखाली त्याचे ओठ हलले. मग तो हळूच एक पायरी मागे सरकला आणि त्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

तेवढ्यात विषारी वायूची सूचना देणारी घंटा वाजायला लागली. खिडक्या धडाधड बंद झाल्या. दारांच्या फटींत ओली फडकी कोंबली जात होती; तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मिनिटभरात गल्ली रिकामी झाली. त्या शांततेत, वर कुठेतरी, एक माणूस ओरडायला लागला.

"दिसत नाही! काही दिसत नाही! मागे घ्या! मागे घ्या!"

हा आवाज तिने रेडिओवर ऐकला होता. तेव्हा तो प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता.

ती आवाजाच्या रोखाने चालत गेली, मागच्या इमारतीत शिरली आणि तिसरा मजला चढली. दार मावशींनी उघडलं. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मला त्यांना भेटायचंय," ती म्हणाली. "मी वेधशाळेत असते."

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कात्रीवरचा हात न काढता त्या बाजूला झाल्या.

खोलीत काळ्या कापडाचे तागे होते, मशीन होती, आणि भिंतीवर गणवेशातल्या थोरल्याचा फोटो. धाकटा खिडकीखाली, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो आता ओरडत नव्हता. पंचविशीच्या आतलाच असेल, पण कानांवरचे केस पांढरे झाले होते. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मावशी मशीनवर जाऊन बसल्या आणि पायडल मारायला लागल्या.

"तुम्हाला दिसतंय का बाहेर?" त्याने विचारलं.

"नाही. कुणालाच दिसत नाहीये."

"आईला दिसतंय. डॉक्टरांना दिसतं. मला सारखं असं पांढरं येतं. आज जरा जास्तच आलंय." त्याने डोळे चोळले. "तेव्हाही असंच आलं होतं. नौकेच्या टोकाशी मी उभा होतो आणि समोर सगळं पांढरं. मी ओरडलो, काही दिसत नाही. कुणी ऐकलं नाही. मग एकदम त्यांच्या बोटीचं टोक, इतकं जवळ, की वरच्या माणसाचं तोंड दिसलं. तोही ओरडत होता. माझ्यासारखाच."

"मग?"

"मग इस्पितळात सगळ्यांनी सांगितलं, ऊन होतं. लख्ख ऊन होतं म्हणे. रेडिओवर वाचायला दिलं त्यातही ऊनच होतं. सगळ्या शहराला ऊन दिसलं, ताई. म्हणजे माझेच डोळे गेले होते. डॉक्टर म्हणतात, असा झटका येतो कधीकधी." त्याचा आवाज खाली गेला. "बघायचं काम माझं होतं. मला दिसलं असतं तर टक्कर झाली नसती. टक्कर झाली नसती तर हे सगळं... दादा गेला नसता. तिथली, इथली, कुठकुठली माणसं. मी हिशेबच करू शकत नाही. आई मला कात्रीला हात लावू देत नाही."

मशीनचा आवाज चालू होता. एकच टीप, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

तिने काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वर येताना तिला फक्त विचारायचं होतं. एका तरी माणसाने हो म्हणावं, एवढंच हवं होतं तिला.

"धुकं होतं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"त्या सकाळी धुकं होतं. आजच्यासारखंच. मी स्वतः बंदराला फोन केला होता की जहाजं थांबवा. त्यांनी थांबवली नाहीत. तुमचे डोळे चांगले आहेत. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं."

मशीन थांबली.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"धुकं होतं."

"पुन्हा."

तिने पुन्हा सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. तहानलेल्याने ओंजळ धरावी तशी त्याने मान किंचित पुढे काढली होती. किती वेळा सांगितलं ते तिला कळलं नाही. शेवटी त्याचं डोकं भिंतीला टेकलं, गुडघे सैल झाले, आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. झोपेत त्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं.

ती उठली. मावशींकडे बघायचा तिला धीर होईना. फोटोकडे तर नाहीच. ती दारातून बाहेर पडली आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, तोच मागून दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"थांबा."

मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. जिन्यातल्या खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं.

"मावशी, मला माफ करा, मी तुमच्यासमोर..."

"त्या सकाळी मला सुईत दोरा ओवता येईना," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "चांगलं उजाडल्यावर दिवा लावावा लागला. बाहेर बघितलं तर समोरची भिंत नाही. मला नका सांगू काय होतं ते."

ती एक पायरी परत वर चढली. "तुम्हाला आठवतंय?"

"मला काय झालंय न आठवायला?"

"मग इतके दिवस त्याला का नाही सांगितलंत? तो स्वतःला खातोय, मावशी."

कात्रीची दोरी त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"थोरला आपणहून गेला. बोलावणं आलं नव्हतं त्याला. म्हणाला, भर उन्हात मारलं त्यांनी माझ्या भावाच्या माणसांना, मी बसून राहू? एवढ्या एका शब्दावर गेला माझा मुलगा. तो शब्द मी काढून घेऊ?" त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "तुम्ही या. आठवड्यातून एकदा येऊन त्याला सांगून जात जा. बघितलंत ना, कसा झोपला. मी तेवढा वेळ खाली वाण्याच्या दुकानात जाऊन बसेन. पण माझ्या कानावर नको. मला ऊनच राहू दे."

खालून पावलं वाजली. कुणीतरी कठडा चाचपत वर येत होतं. मावशींचा चेहरा बघता बघता बंद झाला. गिऱ्हाईक आल्यावर होतो तसा. घड्याळवाला वळणावर दिसला. तो वरच्या मजल्यावर राहायचा. रुमाल अजून नाकावर होता. दोघींना पाहून तो थांबला आणि धापा टाकत म्हणाला, "ताई, बरं झालं भेटलात. सकाळी तुम्ही काहीतरी म्हणालात बघा. हे काय आहे ते. शब्द जिभेवर येतोय नि जातोय. ‘धु’ का काहीतरी."

तो खरंच आठवत होता. डोळे बारीक करून, भुवईवरचा व्रण बोटाने चोळत. एखादं जुनं घड्याळ हलवल्यावर आत काहीतरी क्षणभर टिकटिकावं, तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आता नुसता शब्द हातात द्यायचा होता.

तिने मावशींकडे पाहिलं. मावशी तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती, आणि दोरी बोटाला इतकी घट्ट आवळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"धूर," ती म्हणाली. "धूर म्हणाले मी."

"हां, धूर!" घड्याळवाल्याचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हटलं. वास येतोयच की."

तो दोघींच्या मधून वाट काढत वर गेला. चार पायऱ्या चढल्यावर त्याला खोकला आला. वर कुठल्याशा बंद दाराआडही कुणीतरी खोकलं. मावशी आत गेल्या, कडी लागली. ती खाली उतरायला लागली, आणि पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिचा घसा खवखवायला लागला.